महावीराचार्यांचा चेहरा

वाचकहो, हुबळीच्या नृपतुंग बेट्टावर सकाळी फिरायला जाणारे तुमच्यांत पुष्कळ असतील. ज्या राष्ट्रकूट राजाचे नाव त्या टेकडीला दिले आहे, त्या अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळी, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्य हे जैन गणिती होऊन गेले. त्यांचा ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ आज छापील मिळतो. रंगाचार्यांनी तो १९१२ साली मद्रासला इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. पुढे १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने हिंदी अनुवादासह काढला. ग्रंथ आहे, पण त्यांच्या काळचे चित्र नाही. मग त्यांचे चित्र काढायचे कसे?

न्यूटनची अडचण नाही; १६८९ साली नेलर या चित्रकाराने त्यांना समोर बसवून रंगवले होते. आपल्या प्राचीन गणितींना मात्र आपण सरसकट एकच चेहरा देतो: पांढरी दाढी, जटा, अर्धे मिटलेले डोळे. आर्यभटांनी तर इ. स. ४९९ मध्ये आपले वय २३ असल्याचे स्वतःच लिहून ठेवले आहे. तेवीस वर्षांच्या तरुणाला आपण आजोबा करून टाकले!

होमिओपॅथीत रोग्याची हकिगत ऐकता ऐकता त्याचा स्वभाव टिपावा लागतो. तीच सवय ग्रंथापुढे बसतानाही उपयोगी पडते. लेखक कशाची उदाहरणे देतो, कुठे रमतो, कुठे ठामपणे बोलतो, हे पाहावे.

महावीराचार्यांचे एक उदाहरण घ्या. केळ्यांचे ६३ सारखे ढीग आणि वर ७ सुटी केळी २३ वाटसरूंत समान वाटली, काही उरले नाही. तर एका ढिगात केळी किती? पाच धरून पाहा: एकूण ३२२, प्रत्येकाला १४. दुसऱ्या एका उदाहरणात प्रणयकलहात मोत्यांची माळ तुटते आणि विखुरलेले मोती मोजायचे असतात. स्वयंपाक, वैद्यक, संगीत, नाटक, वास्तुविद्या, या सगळ्यांत गणित लागते असे ते ग्रंथारंभीच सांगतात. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१ येतात, दोन्हीकडून सारखेच वाचता येणारे. अशा संख्यांना ते गळ्यातल्या हाराची उपमा देतात. हा माणूस डोळे मिटून बसलेला नाही. बाजार, वाट, घर सारे तो पाहतो आणि मनात हसतो.

तो ठामही आहे. ऋण संख्या स्वभावतःच कुणाचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, असे तो स्वच्छ सांगतो. आणि तो चुकतोही: शून्याने भागले तरी संख्या तशीच राहते, असे त्याने लिहिले आहे. ही चूक झाकून काढलेले चित्र देव्हाऱ्यात शोभेल, पण ते त्या माणसाचे होणार नाही.

आता माझी कबुली. त्यांचे चित्र मनात आणताना मी त्यांच्या हाती पिच्छी-कमंडलू देऊन मोकळा झालो होतो. ग्रंथारंभी वर्धमान जिनांना वंदन आहे, नावापुढे आचार्य आहे. आपले माणूस म्हणून माझा हात आपोआप तिकडे वळला. पण आपला वेष कोणता, हे ग्रंथकर्त्याने कुठे सांगितलेले नाही. श्रद्धा माझी, पुरावा त्यांचा. दोन्ही एकाच रेघेने काढू नयेत. मी पिच्छी पुसली.

तुमच्या नातवंडांना हा खेळ जरूर द्या. आधी ग्रंथातली पाच उदाहरणे सोडवायला लावा, मग कागद-पेन्सिल हाती द्या. त्या काळचे वस्त्र-अलंकार पाहायला वेरूळची जैन लेणी आहेत. ज्याला आधार नाही ती जागा पुसट ठेवू द्या, आणि खाली ‘कल्पनाचित्र’ असे लिहायला विसरू देऊ नका. नाक कसे होते ते चुकेल. नजर बहुधा चुकणार नाही.