दाह विझतो कसा?

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, तापते आणि ठणकू लागते. दाहाची ही चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. दुखावलेल्या ऊतकातून हिस्टामीन, प्रोस्टाग्लँडिन यांसारखे रेणू बाहेर पडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात आणि श्वेत पेशी जंतूंवर चालून येतात. दाह हा मुळात रक्षणकर्ताच होय.

मग तो शमतो कसा? सरपण संपले की चूल विझते, तसा तो आपोआप विझत असावा, असा समज दीर्घकाळ होता. वस्तुतः शरीर त्याला विझवते. ज्या ॲराकिडॉनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन बनते, त्याच आम्लापासून पुढे लिपॉक्सिन हे रेणू तयार होतात. १९८४ मध्ये प्रकाशात आलेले हे रेणू नव्या श्वेत पेशींना थोपवतात आणि मृत पेशी गिळून टाकण्यास महाभक्षी पेशींना प्रवृत्त करतात. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉलही दाहाला आवर घालते.

हा तोल ढळला म्हणजे काय घडते, ते कुष्ठरोगात दिसते. मुंबईत वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरुग्णालय १८९० मध्ये स्थापन झाले, तेव्हा या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. आज बहुविध औषधोपचाराने सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. तथापि मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरात उरतात. त्यांच्याविरुद्ध कधी उपचार चालू असताना, तर कधी ते संपल्यावरही दाह भडकतो. कोपराजवळून जाणारा मज्जातंतू सुजून आपल्याच आवरणात आवळला जातो. बोटे बधिर होतात, वाकू लागतात. ही हानी जंतू करीत नाहीत; शरीराचा अनावर दाह करतो.

अशा वेळी प्रेडनिसोलोन देतात. ते कॉर्टिसॉलचेच प्रयोगशाळेत घडवलेले भावंड आहे. हानी होऊन सहा महिने उलटण्यापूर्वी ते सुरू केल्यास गेलेली संवेदना व शक्ती पुष्कळदा परत येते; पुढे ती आशा मावळत जाते. मात्र बाहेरून औषध मिळू लागले की अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात. म्हणून ते एकाएकी थांबवू नये. वैद्यांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी.

उपचार पुरे झाल्यावर हातापायास नव्याने बधिरपणा आला, तर भीतीने वा संकोचाने घरी बसू नये. त्वरित दवाखाना गाठावा. जंतू मेले, तरी दाह विझवण्याचे काम उरलेले असू शकते.