मेंदूतील धमन्यांचे आकुंचन व संवेदनावाही मज्जातंतू

मेंदूच्या आवरणाखालील धमनीचा फुगा फुटून झालेल्या रक्तस्रावातून जो रोगी वाचतो, त्यास दुसरा धोका साधारणतः तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत संभवतो. मेंदूच्या तळाच्या धमन्या आक्रसतात व त्यांच्या पलीकडील भागाचा रक्तपुरवठा तुटू लागतो. एकर व रीमेनश्नायडर यांनी हे आकुंचन १९५१ साली क्ष-किरण-चित्रांत दाखविले.

या धमन्यांवर पाचव्या मस्तिष्क-मज्जातंतूचे धागे पसरलेले असतात. त्यांस संवेदनावाही म्हणतात. परंतु हे नाव अर्धेच खरे होय. वेदनेची वार्ता आत नेणारा हाच धागा आपल्या टोकाशी सीजीआरपी नामक द्रव्य सोडतो, आणि त्यायोगे धमनी प्रसरण पावते. मॅककलक, एडविन्सन प्रभृतींनी मांजरांतील हा मज्जातंतू तोडून पाहिला (१९८६). धमनीच्या आकुंचनाचे प्रमाण जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले. मात्र मूळ आकारावर येण्यास तिला बराच अधिक वेळ लागू लागला. म्हणजे हा मज्जातंतू आकुंचन रोखीत नाही, ते ओसरविण्यास साह्य करतो.

रक्तस्रावानंतर धमनीभोवतालच्या धाग्यांतील सीजीआरपीचा साठा घटलेला आढळतो. तो बाहेरून पुरवावा, हा विचार स्वाभाविकच होता. तथापि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत हे द्रव्य शिरेवाटे दिले असता अनेक रोग्यांचा रक्तदाब उतरला, आणि निश्चित लाभ सिद्ध झाला नाही. मज्जातंतू जे नेमक्या जागी सोडतो, ते शिरेवाटे सर्व शरीरभर पसरते.