सुट्टी सगळ्यांची नसते
२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तीनच राष्ट्रीय सुट्ट्या. बाकीची यादी राज्य सरकार दरवर्षी १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली जाहीर करतं. रायगड जिल्ह्यातल्या स्थानिक सुट्ट्या अलिबागला बसणारे जिल्हाधिकारी ठरवतात.

दुकानं-हॉटेलांचं गणित वेगळं. राज्याच्या २०१७ च्या कायद्यानुसार या तीन तारखा, १ मे आणि मालक-कामगारांनी मिळून ठरवलेले चार सण, अशा आठ भरपगारी सुट्ट्या. त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार आणि बदली रजाही. दोन-चार माणसांवर चालणाऱ्या खानावळीला मात्र हे बंधन नाही.

आणि ओहोटीला पर्यटकांना अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पोचवणारा घोडागाडीवाला? स्वतःची गाडी हाकणाऱ्याला भरपगारी रजा देणार कोण? सुट्टीचा दिवस हाच त्याच्या कमाईचा.