तेल्हाऱ्यात माउंटन बाइक चालवायची तर कुठे? पांदण, कालवा आणि बंद पडलेला रेल्वेमार्ग

तेल्हाऱ्याहून उत्तरेकडे पाहिलं की सातपुड्याची रांग दिसते. थंडीतल्या सकाळी ती इतकी जवळ वाटते, की ज्यानं नुकतीच गिअरची सायकल घेतली आहे त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: हिला डोंगरात न्यायचं का?

सरळ उत्तर द्यायचं तर डोंगरात नाही, डोंगराच्या पायथ्याशी न्या. यात मन मारण्यासारखं काही नाही. माउंटन बाइकसाठी लागते तशी जमीन तेल्हारा तालुक्यात भरपूर आहे. ती जंगलात नाही, शिवारात आहे.

आधी जमीन समजून घेऊ. तालुक्याच्या दक्षिणेला पूर्णा नदी, उत्तरेला सातपुडा. या दोघांच्या मधल्या पट्ट्यात माती तीनदा बदलते. पूर्णेच्या बाजूला खारपाणपट्टा आहे. तिथलं भूगर्भातलं पाणी खारट आणि माती काळी, चिकण. या मातीतली खनिजं पाणी पिऊन फुगतात आणि वाळली की आकसतात. सायकलवाल्याला त्याचा अर्थ असा की पावसाळ्यात शंभर पावलांत चिखल टायर आणि फ्रेमच्या मध्ये गच्च बसतो, चाक फिरत नाही आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उन्हाळ्यात याच मातीला चाक अडकेल एवढ्या भेगा पडतात. कापसाच्या वावरातून ओली बंडी काढताना बैलांचे काय हाल होतात ते ज्यानं पाहिलंय, त्याला हे सांगायला नको.

मधल्या पट्ट्यात गोडं पाणी आहे. केळी, संत्री, पानपिंपळी आणि विड्याच्या पानांचे मळे इथलेच. त्याच्याही उत्तरेला, डोंगर संपतो आणि सपाटी सुरू होते तिथे, एक अरुंद पट्टी आहे. भूगर्भशास्त्रात तिला बझाडा म्हणतात. सातपुड्यातून धावत येणाऱ्या नद्या-नाल्यांचा वेग सपाटीवर आला की एकदम मोडतो आणि सोबत आणलेले गोटे, मुरूम, वाळू ते तिथेच टाकून देतात. हजारो वर्षांचा तो ढीग म्हणजे बझाडा. त्यात पाणी झपाट्यानं मुरतं, म्हणून काळी माती आठवडाभर ओली असताना ही जमीन एक-दोन दिवसांत सायकल चालवण्याजोगी होते. हलके चढ-उतार, सुटे गोटे, कोरडे नाले. परदेशात लोक ज्यासाठी पैसे खर्चून ट्रॅक बांधतात, ते इथं नद्यांनी करून ठेवलंय.

ट्रेलचा नकाशा तलाठ्याकडे

‘ट्रेल’ म्हटलं की काहीतरी नवं बांधायचं असं वाटतं. वऱ्हाडात पांदण हीच ट्रेल आहे. गाव नकाशावर ग्रामीण गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवतात आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं. गाडीमार्गाची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट धरतात. नकाशावरच्या या तुटक रेषा जोडत गेलात, तर एका गावाहून दुसऱ्या गावाला डांबरी रस्त्याला न शिवता जाता येतं. निदान कागदावर तरी.

प्रत्यक्षात अर्धी पांदण काट्यांनी भरलेली असते आणि उरलेली शेजारच्या धुऱ्यानं खाल्लेली. हे भांडण जुनं आहे. शेताच्या बांधावरून वाट मिळण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे जाता येतं. असलेली वाट कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आहे. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही आहे. हे कायदे शेतकऱ्याच्या वहिवाटीसाठी आहेत, सायकलवाल्याच्या हौसेसाठी नाहीत, याची आठवण ठेवलेली बरी. नकाशावर असलेल्या पांदणीनं जायला कुणाची ना नाही. धुऱ्यावरून जायचं असेल तर मात्र वावराच्या मालकाला विचारा.

दुसरा चांगला रस्ता कालव्याचा. वारी भैरवगडजवळ वान नदीवर धरण आहे, त्याच्या जलाशयाला हनुमान सागर म्हणतात. तिथून निघालेल्या कालव्यांच्या कडेनं देखभालीचे कच्चे रस्ते आहेत. ते पाटबंधारे खात्याचे असतात, त्यामुळे अडवलं तर वाद न घालता वळायचं. हिवरखेड, दानापूर, वारी या बाजूला एका सकाळी फिरून येण्याइतकं अंतर आहे आणि शेवटी डोंगर अगदी अंगावर येतो. पाणी पाहून उडी मारायचा मोह होतो, पण वानच्या डोहांत पोहायला उतरून लोक बुडाले आहेत. पाय धुवा आणि परत या.

पानमळ्यातून जाताना

जर्मनीत मोझेल नदीच्या खोऱ्यात द्राक्षमळ्यांच्या कडेनं सायकलचे मार्ग आहेत आणि जगभरचे लोक ते पाहायला जातात. आपल्याकडे द्राक्षांऐवजी विड्याचं पान आहे. अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी या भागात बारी समाजानं पिढ्यानपिढ्या पानमळे राखले. बाहेर रखरखीत ऊन असलं तरी मळ्यात सावली आणि ओलावा असतो. आत पायताण घालून जायचं नाही, अशी जुनी रीत आहे.

ही रीत श्रद्धेची असली तरी शहाणपणाचीही आहे. पानवेलीला मारणारा रोग आणि संत्र्याच्या झाडाला होणारा डिंक्या, दोन्हींच्या मुळाशी फायटोफ्थोरा या वर्गातले बुरशीसारखे सूक्ष्मजीव असतात. ते ओल्या मातीतून आणि वाहत्या पाण्यातून पसरतात. एका बागेतला चिखल टायरला घेऊन दुसऱ्या बागेत शिरणं म्हणजे रोगाला डबलसीट नेणं. पश्चिम ऑस्ट्रेलियात याच वर्गातल्या एका जीवानं जंगलंच्या जंगलं वाळवली, म्हणून तिथं काही वाटांच्या तोंडाशी बूट आणि टायर साफ करायची सोय केलेली असते. आपण निदान बागांपासून दूर राहावं, ठिबकच्या नळ्यांवरून चाक घालू नये आणि घरी आल्यावर टायर धुवावेत.

मग तो जुना रेल्वेमार्ग?

आता खरा मोह. अकोला-खंडवा ही मीटर गेजची गाडी अकोट, हिवरखेड, वान रोड, धुळघाट करत सातपुडा ओलांडायची. धुळघाटला रूळ वळसा घालून स्वतःच्याच वरून जातात, ते पाहायला लोक खिडकीशी गर्दी करायचे. २०१७ च्या सुरुवातीला ब्रॉडगेजसाठी ही गाडी थांबली. अकोला ते अकोट नवी गाडी २०२२ मध्ये सुरू झाली. अकोटच्या पुढे मात्र अडलं, कारण जुना मार्ग सुमारे ३९ किलोमीटर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. रुंद रूळ आणि वेगवान गाड्या वाघाच्या घरातून नेऊ नयेत, असा आग्रह वन्यजीव अभ्यासकांनी धरला. २०२१ मध्ये राज्य सरकारनंही मार्ग बदलायला सांगितलं आणि नवा मार्ग जंगलाला वळसा घालून सोनाळा, जामोदकडून न्यायचं ठरलं.

म्हणजे डोंगरातून जाणारा, बेताच्या चढाचा एक तयार रस्ता रिकामा झाला. सायकलवाल्याला तो खुणावणारच, आणि त्याच्याकडे दाखलाही आहे. माउंटन बाइक हा खेळ रुजला तो १९७० च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपाइस या डोंगरावर. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन वणवा विझवायला केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सुटायची. १९७६ मध्ये त्याच परिसरात ‘रिपॅक’ शर्यत सुरू झाली आणि वीस वर्षांत हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोचला. टॅमलपाइसवर १८९६ ते १९३० एक वळणावळणाची रेल्वे होती, २८१ वळणांची. रूळ गेल्यावर उरलेल्या तिच्या वाटेवर आज लोक चालतात आणि सायकली नेतात.

मग धुळघाटला का नको? टॅमलपाइसवर वाघ नाही, हे एक कारण. पण तेवढंच नाही. वान आणि नरनाळा ही अभयारण्यं १९९७ ची, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही आणि व्याघ्र प्रकल्पाचा गाभा माणसाच्या वावरापासून मोकळा ठेवायचा असतो.

‘सायकलचा तर आवाजही नाही’ असं कुणी म्हणतं. अडचण नेमकी तीच आहे. उतारावर सायकल वेगात असते, आवाज नसतो आणि वळणापलीकडच्या जनावराला सावध व्हायला वेळ मिळत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत मॉन्टाना राज्यात सुट्टीवर असलेला एक वन कर्मचारी सायकलवरून वळणावर थेट ग्रिझली अस्वलाला धडकला आणि अस्वलानं त्याला मारलं. जंगल ओळखणारा माणूस होता तो. मेळघाटात अस्वलं आहेत आणि दचकलेलं अस्वल पळून जाईलच असं नाही.

मला सगळ्यात जड वाटतं ते वेगळंच. याच जंगलासाठी केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा, बारुखेडा, नागरतास, अमोणा ही गावं उठवली गेली. तिथल्या कुटुंबांना अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आणून बसवलं. पुनर्वसन नीट झालं नाही म्हणून काही जण परत गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये वन कर्मचाऱ्यांशी संघर्षही झाला. ज्यांची घरं तिथं होती त्यांना आत राहता येत नाही. धारगडच्या महादेवाला भाविक श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या यात्रेला जातात. अशा ठिकाणी आपण रविवारची हौस म्हणून वाट मागायची, हे माझ्या जिभेवर येत नाही.

नरनाळा किल्ला पाहायचा असेल तर शहानूरच्या वन खात्याच्या फाटकावर चौकशी करा आणि त्या दिवशी जी परवानगी असेल तशी जा. सायकल फाटकाबाहेर ठेवायची वेळ आली तर ठेवा. अकोटहून शहानूरपर्यंतचा रस्ता तसाही पोट भरेल एवढा आहे.

निघण्याआधी

दिवाळी ते होळी हा इथला खरा हंगाम. उलंगवाडी झाली की शिवार मोकळं होतं. एप्रिल-मेमध्ये अकोला जिल्ह्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सकाळी नऊच्या आत घरी या. पांदणीवर बाभळीचा काटा आणि सराटा ठरलेला, त्यामुळे साध्या ट्यूबपेक्षा आत पंक्चर बुजवणारं द्रव भरलेले ट्यूबलेस टायर परवडतात. ते नसतील तर दोन ट्यूब आणि पंप सोबत हवाच. गोट्यांवर हवा थोडी कमी ठेवली की चाक पकडून चालतं.

एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळा. पायथ्याच्या वावरांत रानडुकरांचा त्रास फार, म्हणून काही ठिकाणी रात्री कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. ते बेकायदा आहे, तरी होतं आणि त्यात माणसं मेली आहेत. अंधार पडायच्या आत पांदण सोडून डांबरी रस्त्याला लागा. निघताना घरी कोणत्या गावाकडे जाताय ते सांगून ठेवा, कारण डोंगराच्या कडेला फोनला रेंज असेलच असं नाही.