नाल्याचा पूर, नदीचा पूर

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्याला दोन प्रकारच्या पुरांना तोंड द्यावे लागते. एक पूर आंबागडच्या टेकड्यांवर आणि गावाच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचा. तो नाल्याने येतो आणि काही तासांत ओसरतो. दुसरा वैनगंगेचा. त्याचे पाणी बहुतेकदा मध्य प्रदेशातील सिवनी आणि बालाघाट जिल्ह्यांत पडलेले असते, आणि गावात ऊन असतानाही तो येऊ शकतो. दोन्हींची कारणे वेगळी, वेळ वेगळी, उपायही वेगळे. सरकारी पंचनाम्यात मात्र दोघांची नोंद ‘पूर’ म्हणूनच होते.

नाल्याचा पूर किती मोठा येणार हे तीन गोष्टींवर ठरते: पावसाचा जोर, पाणलोटाचा आकार आणि पडलेल्या पाण्यापैकी किती जमिनीवरून वाहून जाते हे प्रमाण. या तिन्हींचा गुणाकार करण्याची रीत आयर्लंडमधील अभियंता थॉमस मल्व्हनी याने १८५१ मध्ये मांडली आणि लहान पाणलोटांसाठी ती आजही वापरली जाते. समजा नाल्याचा पाणलोट दहा चौरस किलोमीटर आहे आणि तीन तास ताशी ३० मिमी पाऊस पडला. त्यातील तीस टक्के पाणी वाहिले, तर नाल्याला सेकंदाला सुमारे २५ घनमीटर, म्हणजे पंचवीस हजार लिटर पाणी येते. प्रमाण साठ टक्क्यांवर गेले की तोच पाऊस ५० घनमीटर आणतो.

हे प्रमाण ऋतूप्रमाणेही बदलते. जूनमधील तापलेली, भेगाळलेली जमीन पहिली सर पिऊन टाकते. ऑगस्टपर्यंत ती गच्च भरलेली असते, त्यामुळे तेवढ्याच पावसाला नाला दुथडी वाहतो. धान पिकवणाऱ्या या भागात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे बांधी. रोवणीसाठी चिखलणी केलेल्या जमिनीत पाणी फारसे मुरत नाही, पण चारही बाजूंच्या धुऱ्यांमुळे ते वाहूनही जात नाही. धुऱ्याची दहा सेंटिमीटर उंची मोकळी असली, तर वरच्या उदाहरणातील ९० मिमी पाऊस बांधी स्वतःच्या अंगावर झेलते. एका हेक्टरवर हे पाणी ९०० घनमीटर होते. बांधीच्या जागी ले-आउट पडले, सिमेंटचे रस्ते आणि स्लॅब आले, की त्यातील सहा-सातशे घनमीटर पाणी पडता पडताच नाल्याच्या वाटेला लागते. बांधी काही पूरनियंत्रणासाठी बांधलेली नसते, तरी ते काम ती फुकट करते. अर्थात बांध्या आधीच तुडुंब असतील आणि पीक वाचवण्यासाठी शेतकऱ्याने धुरा फोडला असेल, तर हा हिशेब उलटतो.

भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव आणि बोड्या हेच काम मोठ्या प्रमाणावर करतात. कोहळी समाजाने सिंचनासाठी बांधलेली ही तळी उतारावर एकाखाली एक असतात. वरच्याचा सांडवा खालच्यात जातो, त्यामुळे पाण्याचा लोंढा टप्प्याटप्प्याने खाली येतो आणि त्याचे टोक बोथट होते. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारकडे आले आणि अनेकांत गाळ साचत गेला. गाळाने व्यापलेल्या जागेत पुराचे पाणी मावत नाही.

पाणी नाल्यात आल्यावर ते किती वेगाने पुढे सरकते, हे उतार, खोली आणि पात्राचा खडबडीतपणा यांवर ठरते. स्वच्छ मातीच्या पात्रापेक्षा झाडोऱ्याने भरलेल्या पात्राचा खडबडीतपणा तिप्पट धरला जातो. म्हणजे खोली तेवढीच असताना वेग एक तृतीयांश होतो, आणि तेवढेच पाणी पुढे नेण्यासाठी नाल्याला काठ सोडून पसरावे लागते. विदर्भातल्या कुठल्याही नाल्याच्या काठी बेशरमाची झुडपे दिसतात. नावाला जागून ती तोडली तरी पुन्हा फुटतात. पण खरा अडथळा पुढे, रस्त्याखालच्या पुलियात असतो. एक मीटर व्यासाच्या पाइपातून सेकंदाला दोन मीटर वेगाने पाणी गेले तरी ते दीड घनमीटरच्या आसपास भरते. पंचवीस घनमीटरसाठी असे सोळा पाइप लागतील. दोन-तीन पाइप टाकून वर भराव केला, की तो रस्ता पावसाळ्यात धरण होतो. रपटा निदान पाणी डोक्यावरून जाऊ देतो. त्यावरून जाण्याचा मोह मात्र जिवावर बेततो, कारण वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि गुडघाभर पाण्यातही माणसाचे पाय टिकत नाहीत.

नदीचा पूर बंगालच्या उपसागरात जन्मतो. तिथे तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा आणि छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतात. त्यांच्या वाटेवर वैनगंगेचे खोरे येते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस असेच झाले. मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून पाणी सोडावे लागले आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत वैनगंगेने थैमान घातले. खाली गोसीखुर्द धरणाचे तेहतीसही दरवाजे उघडले होते. अशा पुरात एक सोय असते, ती वेळेची. पुराची लाट ताशी सात-आठ किलोमीटर सरकली, तर दोनशे किलोमीटर यायला तिला एक दिवस लागतो. वरून निरोप वेळेवर आला, तर माणसे आणि जनावरे हलवता येतात. तेवढी उसंत नसेल तर काय होते ते नागपूर जिल्ह्यातील मोवाडने ३० जुलै १९९१ रोजी भोगले. वर्धा नदीच्या पुराने त्या लहानशा गावातील २०४ जणांचा बळी घेतला.

सर्वांत अवघड स्थिती दोन्ही पूर एकत्र आल्यावर होते. नाल्याच्या तोंडाशी नदीची पातळी तीन मीटरने वाढली आणि नाल्याचा उतार किलोमीटरला एक मीटर असला, तर फुगवटा सुमारे तीन किलोमीटर आत येतो. नाल्याचे पाणी बाहेर पडत नाही, उलट मागे सरते. अशा वेळी एरवी किरकोळ वाटणारा पाऊसही घरात शिरतो.

जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ दरवर्षी चार टक्के शक्यता. तीस वर्षे त्या रेषेच्या आत राहणाऱ्या घराला असा पूर किमान एकदा गाठण्याची शक्यता सत्तर टक्के असते. शिवाय ही गणिते जुन्या पावसावर बेतलेली आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. लहान नाल्यांना तर बहुतेक ठिकाणी अशा रेषाच नसतात.

पाऊस मोजण्याच्या पद्धतीतही नाल्याची बाजू लंगडी पडते. महसुली हिशेबात एका मंडळात चोवीस तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी. तेवढाच पाऊस दिवसभर संथ पडला, तर ताशी तीन मिमीही होत नाही आणि नाला तो सहज वाहून नेतो. याउलट साठ मिमी एका तासात कोसळला, तर त्याच दहा चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून तीस टक्क्यांच्या प्रमाणानेही सेकंदाला पन्नास घनमीटर पाणी येऊ शकते. कागदावर त्या दिवशी अतिवृष्टी झालेली नसते.