स्कायलॅब : सूर्यानेच खाली ओढलेलं स्थानक

अमेरिकेचं पहिलं अवकाशस्थानक स्कायलॅब १४ मे १९७३ रोजी कक्षेत पोचलं, तेही जखमी होऊनच. उड्डाणातच त्याचं संरक्षक कवच फाटलं, एक सौरपंख तुटून गेला आणि दुसरा अडकून बसला. अंतराळवीरांच्या पहिल्या तुकडीने उन्हाला आडोसा म्हणून छत्री उघडली, बाहेर पडून अडकलेला पंख मोकळा केला. हे धाडस आज फारसं कोणाला आठवत नाही, याची खंत वाटते. तीन तुकड्या अनुक्रमे २८, ५९ आणि ८४ दिवस राहिल्या. सूर्याचा सखोल अभ्यास झाला.

फेब्रुवारी १९७४नंतर स्थानक रिकामंच फिरत राहिलं. पुढे सूर्याची सक्रियता अंदाजापेक्षा वाढली. वातावरणाचे वरचे थर तापून फुगले, घर्षण वाढलं आणि कक्षा घसरू लागली. स्कायलॅबला वर ढकलण्याची भिस्त स्पेस शटलवर होती, पण शटल उडालं थेट १९८१मध्ये. त्याआधीच, ११ जुलै १९७९ला, हे सुमारे ७५ टनांचं धूड कोसळलं. त्या दिवसांत भारतातही लोक धास्तावले होते. तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स परिसरात पडले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

रशियाने मात्र आपलं सुमारे १३० टनांचं ‘मीर’ अवकाशस्थानक २३ मार्च २००१ला मालवाहू यानाची इंजिनं चालवून, जागा ठरवून, दक्षिण प्रशांत महासागरात पाडलं.