लूप लाइनवर उभी गाडी

दक्षिण सोलापूर तालुक्यातलं होटगी हे गाव रेल्वेच्या नकाशावर ठळक दिसतं. मुंबई-चेन्नई मार्गावरच्या या जंक्शनवरून विजयपूर-गदगकडे जाणारा फाटा निघतो. इथे कधी एखादी मालगाडी लूप लाइनवर उभी असते. शेजारून एक्स्प्रेस धडधडत निघून जाते आणि सिग्नल मिळाला की मालगाडीही हलते. ती थांबली म्हणून कुणी तिला कमकुवत म्हणत नाही. लूप लाइन त्यासाठीच टाकलेली असते.

माणूस थांबला की मात्र निकाल लगेच लागतो. "एवढंसं सहन होत नाही?" रात्रपाळी, टार्गेट, कर्जाचे हप्ते सगळं गिळून कामावर येणारा खंबीर, दोन दिवस सुट्टी मागणारा कच्चा.

रमजानमध्ये 'सब्र' हा शब्द वारंवार कानी पडतो. मराठीत त्याला सहनशीलता म्हणून आपण मोकळे होतो. मूळ अरबी अर्थ आहे रोखून धरणं, आवरणं. स्वतःला आवरणं वेगळं आणि आतून मोडत असताना गप्प राहणं वेगळं. रोजाच पाहा. पहाटे सहरी, सूर्यास्ताला इफ्तार, असा त्याला दोन्हीकडून आधार आहे. आजारी आणि प्रवासी माणसाला तर कुरआननेच सवलत दिली आहे. राहिलेले रोजे त्याने नंतर पूर्ण करावेत. एवढ्या कडक शिस्तीतही थांबायची जागा ठेवलेली आहे.

कामाच्या ठिकाणी ती असते का? सततच्या, न आवरलेल्या ताणातून येणाऱ्या 'बर्नआउट'ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटलं. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तिने कर्मचाऱ्याच्या मनाबरोबर कामाची पद्धत बदलण्यावर आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देण्यावर भर दिला. म्हणजे केवळ 'मन घट्ट करा' एवढं सांगून भागत नाही.

स्टेशन मास्तर पाळी संपताना रीतसर चार्ज देतो. काय उरलं, कशाकडे लक्ष हवं, ते लिहून दुसऱ्याच्या हाती सोपवतो. दुकान, शाळा, कारखाना, कुठेही हे जमण्यासारखं आहे. घरी जाताना काम डोक्यात न नेता कागदावर ठेवायचं.

झोप उडाली, कशातच मन लागेना आणि दोन आठवडे उलटले, तर डॉक्टरांकडे जावं. केंद्र सरकारच्या 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो; तिथे मराठीतही बोलता येतं.

इफ्तारची वेळ झाली की शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणतो, "तुम्ही जा, मी बघतो." दिवाळीत हेच वाक्य उलट्या बाजूने येतं. चारच शब्द आहेत. सणाची वाट न पाहता ते एरवीही एकमेकांना म्हणता येतील.